बिनदगडाच्या मुलखात फरसबंदी

आज सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले आणि नदीच्या बाजूला धुराची एक बारीक रेघ दिसली. म्हणजे भट्ट्या पेटल्या. दुर्गापूजा, लक्ष्मीपूजा, कालीपूजा असं सगळं एकदाचं आटोपलं, की आमच्या बजबजच्या खालच्या अंगाला विटांच्या भट्ट्यांवर पुन्हा माणसं दिसायला लागतात. पावसाळाभर त्या नुसत्या चिखलात उभ्या असतात, उंच चिमण्या वर काढून. मग कार्तिक येतो. सकाळी गवतावर दव, दुपारी स्वेटर काढावा की नाही अशी द्विधा, आणि संध्याकाळी भाजणाऱ्या विटांचा तो कोरडा वास. इथल्या लोकांना थंडीची चाहूल खजुराच्या नव्या गुळाने लागते, मला ह्या वासाने लागते. आणि वास आला की तो एक हिवाळा आठवतो. आम्ही ह्या घरात राहायचं की नाही ते त्या हिवाळ्यात ठरायचं होतं, आणि आम्ही दोघं साठीतली माणसं अंगणात उकिडवी बसून दगड मांडत होतो.

मी कलकत्त्यात जन्मले. आजोबा नोकरीसाठी इकडे आले, वडील इथेच वकील झाले, मी इथल्याच शाळेत शिकले आणि इथल्याच शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. माझा नवरा सुधीर मात्र पक्का सातारकर. बँकेच्या बदलीवर दोन-तीन वर्षांसाठी म्हणून आला, आमच्या मंडळाच्या कोजागिरीला मी केलेलं मसाला दूध प्याला आणि अडकला. मधे त्याच्या बदल्या झाल्या, पण फिरून फिरून भोपळे चौकात तसे आम्ही कलकत्त्यातच यायचो. ‘रिटायर झालो की सातारा’ हे वाक्य मी त्याच्या तोंडून लग्नाच्या आधीपासून ऐकत होते. आपल्याकडे ‘एकदा काशीला जायचंय’ म्हणतात तसंच हेही असेल, असं समजून मी मान डोलवत आले. निवृत्त झाल्यावर तो खरोखरच बॅगा शोधायला लागला, तेव्हा माझे धाबे दणाणले.

मला जायचं नव्हतं. उगाच आढेवेढे कशाला, सरळ सांगते. माझं माहेर म्हणजे ही नदी, ही मासळी, हे बंगालीत भांडणं आणि घरी येऊन मराठीत त्याची नक्कल करणं. वडिलांनी कधीकाळी घेऊन ठेवलेला जमिनीचा एक तुकडा बजबजच्या पुढे होता. त्यावर बैठं घर बांधू, शहरातला फ्लॅट सोडू, बाग करू, असं मी सुचवलं. सुधीर अर्धवट कबूल झाला. त्याचे थोरले भाऊ अण्णा साताऱ्याजवळच्या गावी राहतात. त्यांच्या घराला लागूनच एक प्लॉट विकायला होता आणि मालक ओळखीचा असल्याने होळीपर्यंत थांबणार होता. तेव्हा आमच्यात तह झाला तो असा: एक हिवाळा नव्या घरात राहायचं. होळीपर्यंत सुधीरचं मन रमलं तर ठीक, नाही रमलं तर घर विकून अण्णांच्या शेजारी. मी तोंडाने ‘चालेल’ म्हणाले आणि मनातल्या मनात सगळ्या देवांना कामाला लावलं.

देवांनी सुरुवातीला काही साथ दिली नाही. घर ठेकेदाराने बरं बांधलं होतं, पण फाटकापासून दारापर्यंत नुसती माती. माती तरी कसली, लोणी. पावसाळा संपून महिना झाला तरी वरून वाळलेली आणि आत ओली. सामान घेऊन पहिल्यांदा आलो त्या दिवशी आमची छोटी गाडी फाटकातून आत शिरली आणि चाकं मळीत बसली. शेजारचे हालदारबाबू, ज्यूट मिलच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, कुंपणावरून सगळं बघत होते. ते फळ्या घेऊन धावत आले. गाडी निघाली, पण सुधीरची एक चप्पल मात्र तिथेच राहिली. दुसऱ्या पायात चप्पल, एक पाय चिखलाने माखलेला, अशा थाटात यजमानांचा गृहप्रवेश झाला.

‘इथे पायाला काही लागतच नाही,’ तो पाय धुता धुता म्हणाला. ‘कितीही खणा, दगड म्हणून नाही. ही काय जमीन आहे?’

त्याचं खरंच होतं. गंगेने आणून टाकलेला हा सगळा गाळ. इथे मुलं कैऱ्या पाडायला विटांचे तुकडे मारतात. घर बांधायचं तर माती भाजून विटा करायच्या आणि वाट करायची तर त्याच विटा पुन्हा हातोडीने फोडायच्या, त्याला खोया म्हणायचं. मी लहानपणी पहिल्यांदा महाराष्ट्रात गेले तेव्हा मावशीच्या अंगणात मला सणसणीत ठेच लागली. अंगठ्याचं नख गेलं. मी रडण्याऐवजी वाकून बघतच बसले, की जमिनीतून हे वर काय आलंय. मावशीने सगळ्यांना सांगितलं, पोरीने कधी ठेच खाल्लेली नाही. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण मी त्याआधी पाठ केलेली होती, पण तिचा अर्थ त्या दिवशी नखातून शिरला.

तर सुधीरच्या डोक्यात दगड शिरला. त्याच्या गावच्या घराच्या अंगणात काळ्या दगडाची फरसबंदी आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी तिच्यावर पाणी मारलं की वाफ निघते आणि त्या दगडावर पाठ टेकून तो लहानपणी आकाश बघायचा. तसलीच काळी वाट फाटकापासून दारापर्यंत करायची असं त्याने ठरवलं. मी मनातून हरखले. माणूस वाट बांधतोय म्हणजे राहायच्या बेतात आहे, असा माझा हिशेब.

पण दगड आणायचा कुठून? त्यावर सुधीरने काढलेली युक्ती मला आजही थोर वाटते. आपल्याकडून कलकत्त्याला येणारा प्रत्येक माणूस काहीतरी आणतोच. भाकरवडी, मेतकूट, कोकम, थालिपिठाची भाजणी. सुधीरने फर्मान काढलं: ह्यापुढे कोणी खायचं काही आणू नका, येताना एक काळा दगड आणा. चपटा, ताटाएवढा, आपल्या गावचा.

आणि लोकांनी आणले! परक्या गावात राहणाऱ्या मराठी माणसाची हौस कशी पुरवायची हे मराठी माणसालाच कळतं. मंडळातले कुलकर्णी दिवाळीला वाईला गेले होते, त्यांनी हावडा मेलमध्ये बर्थखाली दगड ठेवून आणला आणि रात्रभर त्यावर पाय ठेवून झोपले. बँकेतल्या एका बदलीवाल्या मुलाने कऱ्हाडचा आणला, तो आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेला. एक दगड चिवड्याच्या पिशवीतून आला, त्याला कितीतरी दिवस तळलेल्या कढीपत्त्याचा वास येत होता. आमची मुक्ता पुण्यात नोकरी करते. ती विमानाने आली. इथे वाढलेली पोर, तिचं मराठी तिच्या मर्जीप्रमाणे चालतं. घरात पाऊल टाकताच म्हणाली, ‘बाबा, एअरपोर्टवर त्यांनी माझी बॅग खोलली. तो माणूस मला विचारला, मॅडम यह क्या है? मी बोलली, पत्थर. तो बोलला, क्यों? आता मी त्याला काय सांगणार, क्यों?’

सुधीर प्रत्येक दगड घासूनपुसून व्हरांड्यात भिंतीशी उभा करायचा. संध्याकाळी खुर्ची टाकून त्यांच्याकडे बघत बसायचा. हा वाईचा, हा पाटणचा, हा थेट गावच्या ओढ्यातला. पाहुणे बसलेत जणू. मी चहा आणला की मला वाटायचं, त्यांनाही विचारावं.

मग त्याने ते मांडले. आपल्या गावाकडे मुरूम असतो, त्यावर दगड टेकवला, दोन ठोके दिले की पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. सुधीरने तसंच केलं. माती थोडी खरवडली, दगड टेकवला, दोन ठोके. हालदारबाबू कुंपणावर कोपर टेकून बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

‘दादा, नीचे ईंटा नहीं बिछाने से ये सब नीचे चला जाएगा,’ ते म्हणाले. ‘पूरा महाराष्ट्र चला जाएगा।’

सुधीर हसला आणि म्हणाला, ‘हालदारबाबू, ये सह्याद्री का पत्थर है।’

‘सो तो ठीक,’ हालदारबाबू माझ्याकडे बघून बंगालीत म्हणाले, ‘किंतु बौदि, माटी तो आमादेर।’ माती तर आमचीच आहे ना, वहिनी!

मार्गशीर्षात समुद्रात कुठेतरी हवेचा दाब कमी झाला आणि तीन दिवस अवेळी पाऊस लागला. थंडी, वारा आणि एकसारखी रिपरिप. चौथ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा आम्ही दार उघडलं. वाट नव्हती. काही दगड कलंडून अर्धे आत गेले होते, काहींवरून चिखल फिरला होता, आणि फाटकाजवळचा कऱ्हाडचा दगड तर दिसेचना. सुधीर पायरीवर उभा राहून बघत राहिला. मग आत गेला. मला त्याचा आवाज ऐकू आला. तो अण्णांना फोनवर सांगत होता, ‘प्लॉट धरून ठेव. आमचं इथे काही खरं नाही.’

मी स्वयंपाकघरात उभी होते आणि मला रडू आलं. दगड बुडाल्याचं नव्हे. त्या माणसाने खरंच मन लावलं होतं आणि माझ्याच जमिनीने त्याला तोंडघशी पाडलं, ह्याचं. आता मी कुठल्या तोंडाने त्याला ‘राहू या’ म्हणणार होते? दोन दिवस त्याने अंगणाकडे पाहिलं नाही. पेपर घेऊन मागच्या खोलीत बसायचा. बॅगा पुन्हा माळ्यावरून खाली आल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी मी पदर खोचला. हालदारबाबूंकडून इमारती सामानाच्या दुकानाचा पत्ता घेतला आणि टोटोत बसून, म्हणजे इथल्या बॅटरीच्या रिक्षात बसून, एकटीच विटा बघायला गेले. सुधीर वाट करो न करो, मी विटा पसरून तरी घेणार होते, निदान चप्पल तरी शाबूत राहील. दुकान म्हणजे रस्त्याकडेला मोकळी जागा, वाळूचे ढीग, विटांच्या थप्प्या. मी विटांचं बोलत होते आणि बोलता बोलता माझी नजर मागे गेली. मागे काळे धोंडे पडले होते. मोठमोठे, निळसर काळे, फुटल्या जागी बारीक दाण्यांचे. अगदी आमच्या व्हरांड्यात उभे होते तसे.

‘ये कहाँ का पत्थर है?’ मी विचारलं.

‘पाकूड़ का,’ दुकानदार म्हणाला. ‘झारखंड से आता है। नदी के बाँध में लगता है। गिट्टी भी इसी का बनता है, आपके छत की ढलाई में भी यही होगा।’

मी तिथे, त्या वाळूच्या ढिगाशेजारी, खो खो हसत सुटले. दुकानदार बिचारा पाणी घेऊन आला. कुलकर्णी रात्रभर दगडावर पाय ठेवून झोपले होते, माझ्या लेकीला विमानतळावर ‘क्यों’ विचारलं गेलं होतं, अर्ध्या महाराष्ट्राने हमाली केली होती, आणि तो दगड इथे ट्रकने येऊन पडत होता. एवढंच काय, आम्ही त्याच्याचखाली झोपत होतो! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. पण घरी परतताना टोटोत माझं हसू विरलं. सुधीरला हे कसं सांगायचं? एक तर तो हसेल, नाहीतर आहे तेवढीही हौस जाईल.

मी घरात शिरताच सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही.

त्याने पेपर खाली केला. ‘काळा असेल,’ तो म्हणाला. ‘काळं काय, कोळसाही असतो.’

पण त्या दिवशी त्याने पेपरचं पान उलटलं नाही. संध्याकाळी त्याने माझ्या जुन्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंना स्वतःच फोन लावला. त्यांनी सांगितलं की पाकूडचा दगड राजमहालच्या टेकड्यांतला, आणि त्या टेकड्याही लाव्हाच्याच, आपल्या सह्याद्रीसारख्याच, फक्त वयाने खूप थोरल्या.

‘थोरल्या?’ सुधीरने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. ‘म्हणजे आपला धाकटा?’

हे त्याला दगड बुडण्यापेक्षाही लागलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात गेला. मी पाठोपाठ गेले. त्याने धोंड्यावर बाटलीतलं पाणी ओतलं, ओला रंग पाहिला, दुसऱ्या दगडाने ठोकून आवाज ऐकला, बोट फिरवलं. मग दुकानदाराला म्हणाला, ‘इसको चपटा तोड़ के देगा कोई?’ आम्ही सायकलला जोडलेल्या हातगाडीच्या मागे मागे चालत घरी आलो, आणि गाडी खड्ड्यात गेली की सुधीर ‘संभालके, संभालके’ ओरडत होता. गाडीत काचसामान असतं तरी इतकं ओरडला नसता.

त्यानंतरचा पौष आणि माघ आठवला की मला आजही बरं वाटतं. किती वर्षांनी आम्ही दोघं एकाच कामाला लागलो होतो. बँक आणि शाळा ह्यांनी आमचे दिवस वाटून घेतले होते. एकाच घरात राहून आम्ही एकमेकांना बहुधा रविवारीच भेटायचो.

आधी भांडणं झाली, ती वाट सरळ की वळणाची ह्यावर. सुधीरला सरळ हवी होती, फाटक ते दार. मला वळण हवं होतं. हालदारबाबूंचं म्हणणं, वाटेत कामिनीचं झुडूप आहे, त्याला विचारा. निकाल लावला मालतीने. मालती ही आमची मासळीवाली. ती रोज सकाळी फाटकातून शिरायची, कामिनीला डावीकडे टाकायची आणि तिरकी स्वयंपाकघराच्या दाराशी यायची. डोक्यावर टोपली असल्याने कुठे उंच, कुठे निसरडं हे तिच्या पायांना ठाऊक. तिच्या जाण्यायेण्याने गवतात एक फिकी पायवाट उमटलीच होती, आम्ही दोघं भांडण्याच्या नादात ती तुडवत होतो. मी रांगोळीचा डबा आणला आणि तिच्या पावलांवरून पांढरी रेघ ओढली. मालती दुसऱ्या दिवशी आली आणि फाटकातच थबकली. ‘ए की, आज कोन पूजो?’ आज कसली पूजा, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तुझीच.

मग दोन दगडांमधल्या अंतराचा प्रश्न आला. सुधीर उंच, त्याची ढांग मोठी. माझं पाऊल साडीतलं. त्याच्या मापाने मांडले तर मला उड्या माराव्या लागत, माझ्या मापाने मांडले तर तो अडखळे. शेवटी हालदारबाबूंनी आम्हा दोघांना शेजारी शेजारी, गप्पा मारत, रांगोळीवरून चालायला लावलं, आणि स्वतः मागून खडूने खुणा करत आले. गप्पा मारताना, असं कळलं, की तो पाऊल आखडतो आणि मी लांबवते. इतक्या वर्षांच्या संसारात हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. त्या खुणांवर दगड बसले. आजही त्यावरून एकटं चाललं तर जरा चुकल्यासारखं होतं.

ह्या खेपेला खाली विटांचा थर दिला, वर वाळू, मग दगड. बुडालेले सातारकर पहारीने वर काढले, धुतले आणि पाकूडच्या दगडांत मिसळून बसवले. कडेला झामा. झामा म्हणजे भट्टीत जास्त भाजून काळीजांभळी, वेडीवाकडी झालेली वीट. बांधकामवाले ती बाजूला टाकतात, मला ती सगळ्यात देखणी वाटली. भट्टीवरची माणसं म्हणाली, हे घेऊन काय करणार? मी म्हटलं, वाटेला हार. फुलझाडांच्या वाफ्यांना आम्ही करवंट्या पालथ्या रोवल्या. गाडीसाठी सगळीकडे विटा घातल्या असत्या तर अंगण वीटभट्टी दिसलं असतं, म्हणून फक्त चाकांपुरते उभ्या विटांचे दोन पट्टे केले आणि मधे गवत ठेवलं. पाणी कुठून वाहतं ते सुधीरने बादल्या ओतून ओतून पाहिलं आणि उतार नाल्याकडे काढला. पाणसळ घेऊन तो जमिनीवर गाल टेकवायचा, तेव्हा मला जावयाच्या पाया पडणाऱ्या सासऱ्याची आठवण व्हायची.

आणि भांड. इथे चहा मातीच्या छोट्या कपात मिळतो, प्यायचा आणि कप टाकून द्यायचा. स्टेशनजवळच्या चहावाल्याकडे त्यांचा ढीग पडतो. हालदारबाबू रोज संध्याकाळी फिरून येताना पिशवीभर घेऊन यायचे. आम्ही ते कुटून दगडांच्या फटीत आणि मागच्या पायवाटेवर पसरले. पायाखाली असा काही कुरकुर आवाज यायचा की सुधीर उगाचच मागे पुढे चालून बघायचा. ‘एवढा चहा प्याला गेला असेल ह्यावर, नाही?’ तो म्हणाला. त्याला ती वाट सगळ्यात आवडायची.

सरस्वतीपूजेला काम बंद. त्या दिवशी इथे मुलं पुस्तक उघडत नाहीत, वह्या-पेनं देवीपुढे ठेवतात. हालदारबाबूंनी सुधीरची पाणसळ आणि थापी उचलून नेली आणि पुस्तकांशेजारी ठेवली. सुधीर दिवसभर रिकामे हात घेऊन घरात येरझाऱ्या घालत होता. मी त्याला खिचडी वाढली तेव्हा तो खिडकीतून वाटेकडे बघत होता. काय ठरवलंस ते विचारायची माझी हिंमत नव्हती. काम संपत आलं होतं, आणि काम संपलं की होळी होती.

होळीच्या चार दिवस आधी अण्णा आले. सत्तरी ओलांडलेले, काठी न घेता चालणारे, कंदी पेढ्यांचा डबा काखेत. टोटोतून उतरले ते फाटकातच उभे राहिले.

‘हे रं काय सुध्या? आपलं अंगण हिकडं आणलंस व्हय?’

सुधीरचा चेहरा असा फुलला! त्याने भावाचा हात धरला. ‘ओळख बरं, ह्यातला आपला कुठला?’

अण्णा वाकले. एक दगड बोटाने चाचपला, दुसऱ्यावर नाणं वाजवलं, तिसऱ्यावर पाय घासला. मग एका दगडावर ठामपणे पाय रोवून म्हणाले, ‘हा. डोळं झाकून सांगतो. असा दगूड दुसरीकडं न्हाई.’ तो पाकूडचा होता. हालदारबाबूंना कुंपणापलीकडून मराठी कळत नव्हतं, पण काय झालं ते कळलं, आणि आधी ते हसले, मग सुधीर, आणि शेवटी गोष्ट ऐकल्यावर अण्णाही.

पण अण्णा हसायला आले नव्हते. चहा झाल्यावर ते मला आतल्या खोलीत म्हणाले, ‘नीला, मी ह्याला न्यायला आलोय. मालक रोज विचारतोय. आणि खरं सांगू का, संध्याकाळी पारावर बसायला आता माझ्या बरोबरीचं कोणी उरलं न्हाई.’ मला त्यांचा राग येईना. मला जे हवं होतं तेच त्यांना हवं होतं. सुधीर एकच, आणि ओढणारे आम्ही दोघं. मी म्हटलं, ‘अण्णा, तुम्हीच विचारा त्याला. मी मधे पडणार नाही.’ आणि मी खरोखर पडले नाही, हे माझ्यासारखीला किती अवघड गेलं असेल ते मलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधीर वाटेवर गुडघे टेकून बसला होता. कामिनीजवळचा एक दगड डुगडुगत होता. त्याने तो उचलला, खाली मूठभर वाळू सारली, पुन्हा ठेवला. अण्णा त्याच्या डोक्यावर येऊन उभे राहिले. मी व्हरांड्यात, हातात सुपातले तांदूळ, निवडण्याचं सोंग करत.

‘सुध्या, मग काय सांगू मालकाला?’

सुधीरने दगडावर हात दाबून पाहिला. ‘सांग, इतक्यात जमणार नाही. एक पावसाळा जाऊ दे. वाट किती खचते ते बघायला हवं.’

‘आन् खचली तर?’

‘खचणारच. गाळाची जमीन आहे. कार्तिकात सगळे दगड काढून खाली वाळू भरायची, पुन्हा बसवायचे.’

‘आन् त्याच्या पुढच्या साली?’

‘पुढच्या साली पुन्हा,’ सुधीर म्हणाला. त्याने हे इतक्या समाधानाने सांगितलं, की सुपातले तांदूळ माझ्या हातून सांडले. अण्णा बराच वेळ भावाच्या पांढऱ्या केसांकडे आणि मातीने भरलेल्या नखांकडे बघत राहिले. मग त्यांनी आमच्याकडे पाठ केली, धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि खिशातून फोन काढला. मग नेहमीच्या खड्या आवाजात ते बोलायला लागले.

‘हॅलो, रामराम. त्यो प्लॉट दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका... न्हाई, न्हाई, तब्येत चांगलीय. हितं रस्त्याचं काम निघालंय... कधी संपतंय? अवो, रस्त्याची कामं कधी संपत्यात का!’